साडेचार लाख भाकरींची आजी

कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही, असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. माझ्या आजीनं हयातभर थापलेल्या भाकऱ्या एकावर एक रचल्या, तर ती चवड कळसूबाईच्याही वर जवळपास एकशेऐंशी मीटर जाते.

हिशेब सोपा आहे. आजी लग्न होऊन सासरी आली ती १९५१च्या सुमारास. गाव माणदेशातलं, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाचं. घरात कधी आठ माणसं, कधी चौदा. सुगीत गडी-बाया वेगळ्या. दिवसाला सरासरी २५ भाकऱ्या धरू. चुलीपुढची वर्षं धरू ५०. पंचवीस गुणिले ३६५ गुणिले ५० म्हणजे ४,५६,२५०. भाकरीची जाडी चार मिलिमीटर धरली, तर चवडीची उंची १,८२५ मीटर होते. मापं अंदाजाची आहेत. सणाला पोळ्या झाल्या असतील, आजारपणात जाऊबाईंनी तवा धरला असेल. पण आकडा पाच टक्क्यांनी खाली आणला तरी कळसूबाई खालीच राहते.

त्याच भाकऱ्या रस्त्यावर एकीला एक लावून मांडल्या, आणि भाकरीचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर ९१ किलोमीटर होतात. म्हणजे पुण्याहून निघालेली ओळ खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याच्या रोखानं बरीच पुढे जाईल. भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागतं म्हटलं, तर पीठ झालं ३४ टन. एका भाकरीला चाळीस थापा, तर एकूण एक कोटी ८२ लाख थापा, सगळ्या दोनच हातांनी.

हे सगळं तिला ऐकवलं असतं, तर तिनं मला चुलीपासून हाकललं असतं. भाकऱ्या मोजणं तिला अजिबात चालायचं नाही. लहानपणी मी एकदा टोपल्यातल्या भाकऱ्या मोजायला लागलो, तेव्हा तिनं काठवटीतला पिठाचा हात तसाच माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘आरं सुक्काळीच्या, मोजून खाल्लेलं अंगाला लागत न्हाय. खा गप.’’ आणि स्वतःच खळाळून हसली.

तिची भाकरी पाहण्यासारखी असायची. आधणाच्या पाण्यात पीठ मळायचं, तळव्याच्या टाचेनं रगडायचं, उंडा हातावर गोल फिरवून काठवटीत ठेवायचा. मग थापणं. उजव्या हाताची बोटं कडेकडेनं फिरायची, आणि भाकरी आपोआप गरगर फिरत मोठी होत जायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, उलथली की थेट आरावर. तिथं ती टम्म फुगली की आजीचा चेहरा पहिल्यांदाच भाकरी जमलेल्या पोरीसारखा व्हायचा. साडेचार लाखाव्या भाकरीलाही तसाच झाला असणार, याची मला खात्री आहे. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सोडवून त्यात तेल-चटणी भरून ती जो कुणी जवळ असेल त्याच्या हातावर ठेवायची. त्यात घरचा-दारचा हा भेद नव्हता. पोस्टमननंही खाल्ली आहे.

डोक्यावर हंडा, पायाखाली पृथ्वी

गावात नळ आला तो आजीच्या लग्नानंतर पंचवीस वर्षांनी. तोवर पाणी विहिरीवरून. विहीर घरापासून तीनेकशे मीटर, दिवसाला आठ खेपा. जाऊन-येऊन एका खेपेला ६०० मीटर, दिवसाला ४.८ किलोमीटर. पंचवीस वर्षांचे होतात ४३,८०० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे आजीनं विहीर ते उंबरा, उंबरा ते विहीर करत पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, वर ३,७२५ किलोमीटर चालली. त्यातलं निम्मं अंतर डोक्यावर भरलेला हंडा आणि काखेत कळशी घेऊन. तालुक्याच्या बाहेर ती त्या काळात फारशी गेलीच नव्हती.

खेपेला वीस लिटर धरलं, तर तिनं वाहिलेलं पाणी होतं १४ लाख ६० हजार लिटर. दहा हजार लिटरचे १४६ टँकर.

यात १९७२चा दुष्काळ धरलेला नाही. त्या वर्षी विहीर आटली, खेप लांबली, आणि आजी मोठ्या पोरीवर धाकटी पोरं सोपवून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. १९७१च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटी चार लाख भरली होती. म्हणजे राज्यातला दर दहावा माणूस खडी फोडत होता, नाहीतर माती वाहत होता. खायला परदेशातून आलेला तांबडा मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार. त्या भाकरीची गोष्ट आजी अशी रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याला दुष्काळ ही काहीतरी गमतीची बाब वाटावी. ‘‘फेकून मारली तर कुत्रं आडवं व्हईल आशी भाकर. पर तुझ्या मामानं पाच खाल्ल्या!’’ गोष्टीतला मामा दर वेळी एक भाकरी जास्त खायचा. शेवटी तो आकडा अकरावर गेला होता.

ते दुष्काळी काम सोडलं, तर आजीनं कधी ‘काम’ केलं नाही, हेही इथंच नोंदवायला हवं. जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या रकान्यात जाते. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७. गॅस, मिक्सर आणि नळ असलेल्या काळातला हा आकडा आहे. तोच आजीला लावला, तरी साठ वर्षांचे एक लाख नऊ हजार तास होतात. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस या दरानं ही ४५ वर्षांची नोकरी झाली. त्यानंतर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, निरोपसमारंभही नाही.

दोनशे साठ महाभारतं

आजी बोलायची. सकाळी कोंबड्यांशी, दुपारी शेजारणींशी, रात्री देवाशी, आणि मधल्या वेळात आमच्याशी. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायका आणि पुरुष दोघंही दिवसाला साधारण १६ हजार शब्द बोलतात असं आढळलं. आजीच्या बाबतीत हा आकडा कमीच आहे, पण तोच धरू. ऐंशी वर्षांचे ४६ कोटी ७२ लाख शब्द. महाभारतात सुमारे १८ लाख शब्द आहेत असं मानतात. म्हणजे आजी जवळजवळ २६० महाभारतांएवढं बोलून गेली. लिहून ठेवलेला शब्द एकही नाही, कारण तिला सहीपुरतीच अक्षरं येत होती.

तिच्या पिढीचं थोडं तरी वाचलं ते जात्यामुळे. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम हाती घेतलं, तेव्हा हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. यातल्या बहुतेक बायकांचं नाव त्याआधी रेशनकार्डापलीकडे कुठं छापून आलेलं नसेल. आजीच्या ओव्या त्या संग्रहात नाहीत. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि तिच्या ओव्या नातवंडांना झोपवण्याच्या कामाला लागल्या.

विनोद सांगणं मात्र तिला कधीच जमलं नाही. शेवट जवळ आला की तिलाच हसू फुटायचं, पदर तोंडाला जायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि शेवट राहूनच जायचा. दात गेल्यावर तर ते हसू आणखी मोकळं झालं. तिच्या एकाही विनोदाचा शेवट आम्हाला ठाऊक नाही; तरी प्रत्येक विनोदाला सगळं घर पोट धरून हसलेलं आहे. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत, ऐंशी ओलांडल्यावर, ती पणतीबरोबर मोठ्या पाळण्यात बसली. पाळणा थांबल्यावर उतरायचं सोडून पाळणेवाल्याला म्हणाली, ‘‘लेकरा, आजून एक चक्कर मार, पैसं जावई देतोय.’’

तुमचा अर्धा भाग आजीच्या पोटात

आता शरीराचे आकडे. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हृदय दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा धडधडतं. आजी अठ्ठ्याऐंशीची होऊन गेली असं आम्ही मानतो. जन्मतारीख नव्हती, स्वातंत्र्यलढ्यातल्या पत्री सरकारच्या धामधुमीत ती पाच-सहा वर्षांची होती, त्यावरून बांधलेला हा अंदाज. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे ३३३ कोटी ठोके होतात. ती जन्मली तेव्हा साऱ्या जगात माणसं होती सुमारे सव्वादोनशे कोटी.

याहून चक्रावून टाकणारी गोष्ट आईकडच्या आजीची आहे. मुलगी आईच्या पोटात पाचेक महिन्यांची असते, तेव्हाच तिच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं तयार झालेली असतात. जन्मताना त्यातली दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात जेमतेम चार-पाचशे पक्व होतात. त्यांतलंच एक म्हणजे तुमची सुरुवात. १९५५ साली आजीला माझ्या आईच्या वेळी पाचवा महिना होता. ती रोज आठ खेपा पाणी आणत होती, पंचवीस भाकऱ्या थापत होती, आणि माझ्या जन्माला कारण झालेलं बीज तेव्हा तिच्या पोटातल्या गर्भाच्या आत होतं. माझा जन्मदाखला खरा मानला, तरी माझा अर्धा भाग त्याहून पंचवीस वर्षांनी जुना आहे, आणि त्यानं विहिरीच्या काही शे खेपा आतूनच केल्या आहेत.

उलटंही खरं आहे. गर्भाच्या काही पेशी आईच्या शरीरात उतरतात आणि तिथं राहतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही मुलाच्या पेशी आईच्या रक्तात सापडल्या.

आठ हजार बायकांची रांग

आपल्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया नावाचे ऊर्जा तयार करणारे कण असतात. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. तो फक्त आईकडून येतो. तिला तिच्या आईकडून, तिला तिच्या. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या तीन संशोधकांनी जगभरातल्या माणसांचा हा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा सगळे धागे मागे जात सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी मिळाले. ती काही जगातली एकटीच बाई नव्हती. पण आज जिवंत असलेल्या प्रत्येकाची आईच्या आईच्या आईची साखळी तिच्यापर्यंत पोचते. पुढच्या संशोधनात काळ दीड लाख वर्षांपर्यंतही अलीकडे आला आहे; आपण दोन लाखच धरू.

दोन लाख वर्षं म्हटली की डोकं चालेनासं होतं. पण पिढी पंचवीस वर्षांची धरा. मधल्या बायका फक्त आठ हजार. अर्ध्या मीटरला एक अशा त्या उभ्या राहिल्या, तर रांग भरते चार किलोमीटर. आषाढीला पंढरपुरात दर्शनाची रांग याहून लांब जाते.

या रांगेच्या कडेनं चालून बघा. पहिली आई, दुसरी आजी. सात मीटरवरची चौदावी बाई शिवराज्याभिषेकाच्या वेळची. पंधरा मीटरवर ज्ञानेश्वरांच्या काळातली. पन्नास मीटरवरची शंभरावी बुद्धाच्या काळात जगली. ज्वारी आफ्रिकेतून भारतात आली चारेक हजार वर्षांपूर्वी. म्हणजे ज्वारीची भाकरी ठाऊक असणारी या रांगेतली पहिली बाई फार तर एकशेसाठावी, ऐंशी मीटरवर. शेती दहा हजार वर्षांपूर्वीची धरली, तर चारशेव्या बाईनंतर पेरणं कुणालाच माहीत नाही. उरलेल्या सात हजार सहाशे बायकांनी रानातून वेचून, खणून, भाजून पोरं वाढवली.

ही झाली एकच ओळ. आई-बाप दोन्हींकडचे सगळे पूर्वज मोजायला गेलं, तर दर पिढीला आकडा दुप्पट होतो. दहा पिढ्यांमागे १,०२४, वीस पिढ्यांमागे साडेदहा लाख, तीस पिढ्यांमागे १०७ कोटी. तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षं. तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्याच चाळीस कोटींच्या आसपास होती. याचा अर्थ तीच ती माणसं आपल्या वंशवृक्षात अनेक फांद्यांवर पुन्हा पुन्हा बसलेली आहेत. आजी बसस्टँडवर अनोळखी बाईशी पाच मिनिटांत नातं काढायची आणि आम्ही तिला हसायचो. गणित तिच्या बाजूचं निघालं.

आज्या कशासाठी असतात

बहुतेक सस्तन माद्या मरेपर्यंत विऊ शकतात. पाळी थांबल्यावर पुढं तीस-चाळीस वर्षं जगणारे जीव थोडे: माणूस, आणि किलर व्हेलसारखे काही मोजके दातवाले देवमासे. निसर्गानं हे का होऊ दिलं असेल? मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार-वेचणी करणाऱ्या लोकांत पाहिलं, की म्हाताऱ्या बायका कंद खणण्यात तरुणींना हार जात नव्हत्या, आणि त्यांच्या कष्टावर नातवंडं पोसली जात होती. आजी आहे म्हणून माणसाचं आयुष्य लांबलं, अशी मांडणी यातून पुढे आली. २००४ साली फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या चर्चनोंदी तपासल्यावर दिसलं, की पन्नाशीनंतर बाई जितकी जगली, त्यातल्या दर दहा वर्षांमागे तिला सरासरी दोन नातवंडं जास्त लाभली.

आपल्याकडे मात्र आजी लाभणं हेच मोठं नशीब होतं. आजी सासरी आली तेव्हा भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षं होतं. सगळेच बत्तिशीत जात होते असं नाही. जन्मलेल्या दर सात बाळांमागे एक वर्षाच्या आत जात होतं, त्यानं सरासरी खाली ओढली जायची. आजीची स्वतःची सात बाळंतपणं झाली, पाच मुलं जगली. गेलेल्या दोघांबद्दल ती हसत नसे, आणि त्यांची नावं कधी विसरली नाही. आज सरासरी आयुर्मान ७० वर्षं आहे.

पाच मुलं, सोळा नातवंडं, सत्तावीस पतवंडं. सुना-जावई सोडून एकूण ४८ माणसं. यातल्या कुठल्याही दोघांमध्ये काही ना काही नातं आहे. अशा जोड्या होतात १,१२८. या सगळ्या जोड्या एका बाईमुळे जुळल्या. शिवाय प्रत्येकाची जन्मवेळ तिला तोंडपाठ. तारखा नव्हे, धाकटा मामा ‘कोयनेच्या भूकंपाआधी आठ दिस’, म्हणजे डिसेंबर १९६७च्या सुरुवातीचा. शाळेच्या दाखल्यावर त्याची तारीख १ जून आहे. खरी आजीचीच.

असा गोतावळा आता होणार नाही. तेव्हा देशात एका बाईला सरासरी सहा मुलं होत. साहा सक छत्तीस, म्हणजे छत्तीस नातवंडं शक्य होती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. त्याच हिशेबानं आजच्या तरुणीच्या वाट्याला तीनसुद्धा नातवंडं पुरती येत नाहीत. पण आयुष्य वाढल्यामुळे आजीचा सहवास आता वीस, तीस, चाळीस वर्षं मिळू शकतो. नातवंडं कमी आणि काळ भरपूर, असा हा सौदा आहे, आणि तो वाईट नाही. आजी शहरातल्या फ्लॅटमध्ये आणि नातू परदेशात अशी स्थिती असली, तर तो काळ वापरला जात नाही एवढंच.

शेवटचा आकडा सगळ्यांत लहान आहे. आमच्याकडे हेळवी यायचे, ते पोथीतून बापाच्या बापाच्या बापाची नावं वाचून दाखवायचे, दहा-बारा पिढ्यांची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांतही अशी नावं सापडतात, मुख्यतः पुरुषांची. आठ हजार बायकांच्या त्या रांगेतल्या किती जणींची नावं मला ठाऊक आहेत? आई, आजी आणि आजीची आई. तीन. दीड मीटरवर रांग अंधारात जाते. आजीच्या आजीचं नाव आजीला नक्की माहीत असणार. ते तिला विचारावं असं आमच्या ४८ जणांपैकी एकाच्याही मनात कधी आलं नाही.

तुमची आजी असेल, तर आज फोन करा. तिच्या आईचं नाव, तिच्या आजीचं नाव, त्यांची माहेरची गावं विचारा आणि वहीत लिहून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. बोलता बोलता ती विनोद सांगायला लागली, तर शेवट ऐकायची घाई करू नका.